भरपूर कुणी ठरवायचं?

प्रिय छोटे,

तीन लेकींची आई झालीस तरी मी तुला छोटेच म्हणणार. बाळाचा फोटो पाहिला. नाक थेट आपल्या बाबांचं, म्हणजे बिचारीला जन्मभर नाकावरून बोलणी खायची आहेत. पण फोटोआधीच आईचा फोन आला. तुझी ही तिसरी माझ्या पदरात घालायची, असं तिने आणि तुझ्या सासूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलंय. तिच्याकडे भरपूर आहेत, तुझ्याकडे एकही नाही, म्हणाली. जणू मी वाटी घेऊन दारात उभी होते!

तो 'भरपूर' डोक्यात घेऊनच मी ऑफिसात गेले. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं घोडं नेमकं तिथेच अडलंय. संपादकांना पानं वाचवायची आहेत, म्हणून प्लेंटी, अ‍ॅम्पल, लॅव्हिश, सरप्लस, एक्सेस, सगळ्यांपुढे एकच 'भरपूर' ठोका आणि मोकळे व्हा, असा त्यांचा हुकूम. आमच्याकडे रीत अशी, की अर्थ पक्का करण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाने तो घरच्या एखाद्या वाक्यात घालून पाहायचा. एक्सेसची पाळी आली तेव्हा मुद्रितशोधक काका म्हणाले, माझ्या रक्तात साखर भरपूर आहे, अभिनंदन करा. संपादक सोडून सगळे हसले.

मी मात्र भांडले. प्लेंटी म्हणजे घरात धास्ती नसावी इतकं. अ‍ॅम्पल ऐसपैस, हातपाय हलवायला जागा ठेवणारं. लॅव्हिशमध्ये देणाऱ्याचा सैल हात दिसतो, एक्सेसमध्ये घेणाऱ्याचा वैताग. आणि सरप्लस म्हणजे ज्याचं आहे त्याची गरज भागून उरलेलं. ती भागली की नाही, हे त्यालाच विचारायचं, बाहेरच्याने खिडकीतून डोकावून सांगायचं नाही. माझा आवाज इतका चढला की शिपाई पाणी घेऊन आला. प्रत्येक शब्दाला त्याची स्वतंत्र ओळ मिळाल्यावरच मी खुर्ची सोडली.

तू झालीस तेव्हा आत्या तुला न्यायला आली होती, हे तुला कुणी सांगितलंय का? दुसरीही मुलगीच, एक मला दे, म्हणाली. आईने तुला छातीशी धरून आतून कडी लावली आणि आत्या जाईपर्यंत काढली नाही. तीच आई आता मला शहाणपण शिकवते.

तुझ्यापासून काय लपवू? मला मूल हवं होतं, अजून हवंय. फोटो पाहून माझे हात शिवशिवले. यांनी तर खिडकीजवळचं टेबल हलवून पाळण्यापुरती जागा करून पाहिली. मी ते टेबल परत जागेवर ढकललं आणि मग मोरीत जाऊन पोटभर रडले.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. ताईने मागितलीय असं ऐकून तू हो म्हणालीस आणि तेव्हापासून तुझे डोळे कोरडे नाहीत, असं तो म्हणाला. तुझा फोन सासूबाई उचलतात, म्हणून हे पत्र त्याच्यामार्फत पाठवतेय. मी तिला मागितलेली नाही. माझ्या नावाने कुणीही मागितली, तरी मी घेणार नाही. दोघी म्हाताऱ्यांना हे तोंडावर सांगून झालंय, दोघींनी अबोला धरलाय, धरू देत. रविवारी येतेय. तिला मांडीवर घेईन, मनसोक्त घेईन, आणि भुकेने रडायला लागली की तुझ्याकडे देईन.

तुझीच,
ताई