पहिली पंगत तानूची

मी, सरजाबाई दत्तराव वाघमारे, वय अडुसष्ट, धंदा मंडप व भांडी भाड्याने देणे, राहणार पालम, जिल्हा परभणी, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कुणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्मायचाय. शेजारचे पंडितराव, कोर्टातून रिटायर झालेले कारकून, लिहायलेत. मी बोलते तसंच लिहा, असं त्यांना बजावलं आहे.

१. राहतं घर आणि पत्र्याचं गोदाम मुलगा सुगत व सून रेणुका यांच्या नावे, निम्मं-निम्मं. एकट्या सुगतच्या नावे करा, असं भावकीतून सुचवण्यात आलं. सुचवणाऱ्यांनी आधी आमच्या सतरंज्यांचं भाडं द्यावं.

२. गळ्यातली बोरमाळ आणि बँकेतली ठेव रेणुकाला. आजारपणात माझ्या उशा-पायथ्याशी तीच होती.

३. पातेली, पराती, ताटं, खुर्च्या, कनाती, म्हणजे सगळा धंदाच, रेणुकाच्या मालकीचा राहील. सुगतनं ऑटो चालवावा आणि तिचं ऐकावं. लग्नाला निम्मे पैसे आधी घ्यावेत. मयताच्या घरी मात्र भांडी आधी पोचती करावीत आणि पैशाचं नावही काढू नये.

अशानं उधारी राहते, हे मला कळतं. वसुलीची माझी रीत अशी: त्या घरी जायचं, ओसरीवर बसायचं, पाणी मागायचं, लेकराबाळांची चौकशी करायची आणि उठायचं. पैशाचं एक अक्षर बोलायचं नाही. दोन-तीन खेपांत घरधनीण आपणहून पदराची गाठ सोडते. आमच्या मालकांनी तगादा लावून आणलं नाही तेवढं मी नुसतं पाणी पिऊन आणलं.

४. लाऊडस्पीकरचा भोंगा सुगतला देत नाही. तो रेणुकाच्या ताब्यात राहील. कारण लिहून ठेवते, नंतर तोंड वाकडं करायला नको.

गेल्या साली मी डोळ्याच्या ऑपरेशनला परभणीत होते. तेव्हा या शहाण्यानं ऑटोवर भोंगा बांधला आणि राणीसावरगावच्या भर बाजारात उधारीवाल्यांची नावं पुकारली. वसुली झाली, लय झकास झाली. पण त्यात तिथल्याच माझ्या जुन्या सोबतिणीचं, तानुबाईचं नाव होतं. तिच्या नातीच्या, वैष्णवीच्या लग्नाचं भाडं राहिलं होतं. तिनं त्याच बाजारात शेळ्या विकल्या, पैसे ऑटोच्या शिटावर ठेवले आणि तेव्हापासून माझ्या दाराकडं फिरकली नाही. पालमला आली तरी दुकान टाळून मागच्या बोळातून जाते. मी दोनदा तिच्या ओसरीवर जाऊन बसले. तिनं पाणी दिलं, पण बोलली न्हाई.

सुगतला ठाऊक नाही ते आता सांगते. आम्ही धंदा काढला तेव्हा लोक म्हणाले, बौद्धवाड्यातल्या भांड्यात कोण जेवणार? पहिली लगीनसराई पातेली गोदामात उपडी पडून राहिली. मालक ती मोडीत घालायला निघाले होते. शेतात खुरपायला सोबत असायची त्या ओळखीवर तानू आली आणि दिराच्या लग्नाला तीच भांडी घेऊन गेली. सासऱ्यानं मांडव डोक्यावर घेतला. तेव्हा ही, घरातली सून, बायांनी शेवटी जेवायचं अशा त्या काळात, पहिल्या पंगतीला जाऊन बसली. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “मी बाटले का? न्हाई ना? मग बसा जेवायला.”

त्यानंतर आमच्या पातेल्यांना उसंत मिळाली नाही. सुगतचं शिक्षण, हे घर, सगळं त्या पंगतीतून उभं राहिलं. भोंगा वाजवायचाच होता तर त्या पुढाऱ्याच्या दारात वाजवायचा, ज्यानं सभेच्या खुर्च्यांचं भाडं बुडवलं आणि वर दोन खुर्च्याही ठेवून घेतल्या.

५. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवण आपल्याच भांड्यांत करावं. पहिलं ताट तानूचं. ती आल्याशिवाय कुणालाही वाढू नये, मग पाव्हणे कितीही मोठे असोत. सुगतनं स्वतः जाऊन तिला आणावं. ती आलीच नाही तर काय करायचं, ते मला सुचत नाही. घरदार कुणालाही जाऊ द्या, पण तानू आली पाहिजे. तिच्याशी न बोलता मरायची मला भीती वाटते.

एवढं लिहून होताच दारात बसलेला सुगत उठला आणि चप्पल न घालताच ऑटो घेऊन गेला. पंडितरावांनी पुढं काय लिहू विचारलं. मी म्हटलं, थांबा, चहा घ्या.

पुढील मजकूर त्याच दिवशी संध्याकाळी लिहिला.

आज राणीसावरगावचा बाजार. सुगतनं ऑटो त्याच जागी उभा केला आणि त्याच भोंग्यावरून सांगितलं, की पालमच्या सरजाबाईच्या घरावर तानुबाईंचं देणं आहे, ते पैशानं फिटणारं नाही, आणि त्यांचं नाव पुकारणारा मी माफी मागायला आलोय. तानू वांगी निवडत होती. तिनं आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग वांगी पिशवीत टाकून ऑटोत बसली.

ती दारात दिसली तशी मी उठायला गेले, पण गुडघ्यांनी दगा दिला. तीच जवळ येऊन बसली. कागद कसला म्हणाली. पंडितरावांनी पाचवं कलम वाचून दाखवलं. ऐकून तिनं वांग्यांची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली.

“मेल्यावर कशाला वाढतीस, सरजे? मला आत्ता भूक लागली हाय.”

मी रडले. ते लिहू नका म्हटलं होतं, तरी पंडितरावांनी लिहिलंच.

सबब कलम पाच रद्द. कलम चार बदलून भोंगा सुगतला दिला आहे. बाकी कलमं कायम. सगळं वाचून घेतलं, बरोबर आहे.

स्थळ: पालम
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही: सरजाबाई दत्तराव वाघमारे

साक्षीदार:
१. पंडितराव नागनाथ कांबळे, पालम
२. तानुबाई बन्सीधर जाधव, राणीसावरगाव. भरलं वांगं आणि भाकरी खाऊन, मग सही केली.