काहिलीत उकळलेले होज

१२ फेब्रुवारी ७४, मंगळवार
दुपारी कारखान्याचा भोंगा तीनदा. मळीच्या टाकीमागे पाचटाला आग. हे नेमके वाईला, थोरल्या दिरांना बघायला गेलेले. फोरमन नाही म्हणून बंबाची सगळी जबाबदारी ह्यांच्या हाताखालच्या धोंडिरामवर. अर्ध्या तासात विझवली त्याने. पण टाकीतून मळी सांडली होती, सहाच्या सहा होज, बंबाचे कापडी पाइप, त्यातून ओढले गेले. संध्याकाळी मुंग्यांची रांग आमच्या पायरीवरून थेट समोरच्या फायर शेडकडे.

१३ फेब्रु.
धों. तीनदा धुऊन दमला. गार पाण्याने चिकटपणा जात नाही. दारात येऊन उभा. "आक्का, कायतरी सांगा. आज ना उद्या घुशी कुरतडत्यात बगा. सायेब आलं की माजी न्हाई खैर."
मला एकदम सातारा आठवलं. ह्यांची पल्टनीतून सुटल्यावरची पहिली नोकरी, आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिथे होज उकळत्या सोड्यात धूत. मी खिडकीतून बघत बसे, पोळी करपेपर्यंत. सांगितलं त्याला.
"म्हंजी वाकळा उकळतो तसंच की!" खूश होऊन गेला.

१४ फेब्रु.
गुऱ्हाळाची जुनी काहील आणली, धुण्याचा सोडा घातला, खाली बगॅसचा, उसाच्या चोथ्याचा, जाळ. धों. बांबूने ढवळत होता. मग पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून दोरीने वर ओढून सगळे टांगले. सहा पांढरे पट्टे, आकाशातून सोडल्यासारखे. तासभर मान वर करून उभी होते. पाचगणीला कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टर लोकांच्या चादरी अशाच वाऱ्यावर असत. मी तिथे न राहता घरून जाणारी मुलगी, कुंपणापाशी थांबून बघायची. तेव्हा वाटे, देवाच्या घरी इतकंच पांढरं असेल.
"आक्का, नवं कोरं झालं!"
फार बरं वाटलं. ह्या वयात कुणाच्या कामी आले.

१७ फेब्रु., रविवार
हे परतले. चहाआधी शेडमध्ये. होजवरून हात फिरवत गेले, मध्येच अंगठ्याने दाबत, वैद्य पोट तपासतो तसं.
"कशानं धुतलं रं?"
"पाण्यानं, सायेब."
मी तिथेच होते. धों.ने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही चहा टाकायला वळले.
जेवताना विचारलं, "साताऱ्याला होज उकळत ना हो?"
"ते नुसतं कापड होतं. आता आत रबराचं अस्तर असतंय. उकळलं तर सुटतंय. का गं?"
"सहज."
सहज! असं लिहिताना लाज वाटते.

२० फेब्रु., बुधवार
आज होजची दाबाखाली टेस्ट. तीस वर्षं ह्यांच्या कपड्यांना धुराचा वास आला की धुवायला टाकले. काम मात्र कधी जवळून पाहिलं नव्हतं.
मैदानात होज सरळ अंथरले. ह्यांनी प्रत्येक कपलिंगच्या, टोकाच्या पितळी जोडाच्या, मागे पेन्सिलीने रेघ मारली, दाबाखाली कापड तिथून सरकलं की कळावं म्हणून. मॅनेजरसाहेब खुर्ची टाकून, धों. होजच्या टोकाशी उभा. पंप सुरू झाला. आधी काही नाही, मग ते चपटं, निर्जीव कापड टोकापासून फुगत आलं, वळवळलं, ताठ झालं. जमिनीवरून किंचित उचललंसुद्धा गेलं.  इतकी ताकद आमच्या घरासमोर घडी घालून पडलेली असते, आणि मी तिथून रोज भाजी आणायला जाते.
हे दाबाच्या काट्याकडे बघत आकडे ओरडत होते. आवाज ओळखू येईना. घरी ह्यांना मीठ मागायचं तरी हळू आवाजात.
दुसरा फुटला. तोफेसारखा. चौथाही. पाचव्याच्या तोंडातून पाण्याबरोबर रबराच्या काळ्या चिंध्या.
साहेब उठले. "फोरमन, वर्षसुद्धा झालं नाही हे घेऊन."
 ह्यांनी चाकू काढून तिन्ही होज मधोमध कापले. तसा नियम आहे, घाईत कुणी चुकून बंबावर चढवू नये म्हणून.  मी डोळे मिटले.

२१ फेब्रु.
धों.ला नोटीस. निष्काळजीपणा. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. तीन होज उरलेत आणि बगॅसचा ढीग देवळाच्या कळसाएवढा. उन्हाळा तोंडावर.
पेरूच्या झाडाखाली भेटला. मी म्हटलं, मी सांगते मॅनेजरसाहेबांना.
"आवं, नगा आक्का. फोरमनच्या बायकुनं सांगितलं नि ह्यानं ऐकलं म्हनतील. आपल्या सायेबांचं दोन म्हयनं ऱ्हायल्यात पेन्शनीला."
"आणि तुझं?"
"मी जातो कवठ्याला. मेंढरं हायती की चुलत्याची."
हसून म्हणाला. ही नोकरी लागली म्हणून त्याने स्वतःची मेंढरं विकली होती, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते हसणं बघवलं नाही.

२३ फेब्रु., शनिवार
सांगितलं ह्यांना. बूट पुसत होते.
बराच वेळ एकच बूट पुसला. मग, "तू पंप बिघडवला असतास तरी इतकं वाईट वाटलं नसतं. त्याला टेस्टला उभं केलं मी, सगळ्यांसमोर. तू बघत होतीस."
"हो."
"रविवारी जेवताना विचारलंस, तवाच का नाही?"
 शाळेत कन्फेशनच्या, पापाची कबुली द्यायच्या, खोलीला लाकडी जाळी असे. आम्ही हिंदू मुली तिथे जात नसू. आज जाळी असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.
दुसरा बूट उचलून स्वतःशीच म्हणाले, "अस्तराचं त्याला मी तरी कुठं सांगितलं होतं? पाटीवर लिहायला पायजे होतं."

२५ फेब्रु.
मॅनेजरसाहेबांना पत्र लिहिलं, इंग्रजीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात. उकळायला मी सांगितलं, धोंडिरामने विश्वासाने ऐकलं, एवढंच. ह्यांना वाचून दाखवलं. "माझ्या पेन्शनीचं काय होईल ठाऊक आहे ना?" म्हणाले. रागाने नाही, हिशेब तपासावा तसं. मग स्वतः पाकीट चिकटवलं आणि टोपी घालून देऊन आले.

१ मार्च
उत्तर नाही. हे रोज उरलेले तीन होज उलगडतात, घडी बदलून पुन्हा गुंडाळतात. एकाच घडीवर राहिला तर तिथे चिरतो म्हणे. माझ्या शालूचं तेच झालं होतं, तेव्हापासून मीही साड्यांच्या घड्या बदलत राहते. तीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं एकच काम करत होतो, आणि एकमेकांना विचारलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
नवे होज आले, कारखान्याच्या ट्रकने पुण्याहून. बंबावर चढवण्याआधी टेस्ट हवीच. भरल्या दाबाची ब्रांच, होजच्या तोंडाची नळी, धरायला सरावाचा माणूस लागतो, बाकीचे दोघे नवखे. धों. तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता, पिशवी घेऊन. दुपारच्या एस.टी.ने कवठे महांकाळला निघालेला.
ह्यांनी एकदा ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. साहेब तिथेच होते, हातात कागद. माझं पत्र होतं की दुसरं काही, इतक्या लांबून कळेना.
"धोंडिराम! ये रं आत. ब्रांच धर."
"सायेब, नोटीस हाय…"
"मी फोरमन हाय अजून. धर."
पिशवी त्याने माझ्या हातात दिली. पंप सुरू झाला. नवं कापड फुगत, सळसळत त्याच्याकडे निघालं. त्याने पाय रोवले. पाणी सुटलं ते बगॅसच्या ढिगाच्याही वर, आणि ऊन त्यात शिरून सगळं मैदान क्षणभर रंगीत.  हे आकडे ओरडत होते, तो प्रत्येक आकड्याला "व्हय!" म्हणत होता.
खिडकीत साहेब दिसेनात. जिन्यावरून खाली येत असावेत, धों.ची नोटीस मागे घ्यायला की ह्यांनाही द्यायला, कोण जाणे.