सरणाच्या खर्चाचे वाटेकरी

आबा, तुमच्या सरणाच्या खर्चावरून तुमचे दोन्ही मुलगे कोर्टात गेले, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मीच सांगते. आता इतकी वर्षं उलटली की राग राहिलेला नाही, थोडं हसूच येतं.

सासरी मला तुमचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी सासूबाईंनी न्हायला घालून चुलीपुढे बसवलं. तिकडे भाऊ जमिनीवर निजत होते आणि इकडे मी भाकऱ्या थापत होते. थापता थापता तुमचा धपाटा आठवला. तुम्ही घोड्याला खरारा करताय, मी मागून येते, तुम्ही पाठीत घालता. "लाथ बसली असती म्हणजे?" असं ओरडता आणि मग खरारा माझ्याच हातात देता. आई दारातून कपाळावर हात मारून घेते.

खर्च थोरल्या अण्णानं केला. लाकडं, भटजी, आणि तेराव्याला तुमच्या घोडदळाच्या सगळ्या रिसाल्याला जेवण. महाराजांच्या स्वाराची पंगत तशीच हवी, म्हणाला. मग धाकट्याकडे निम्मे पैसे मागितले. धाकटा म्हणाला, "मला विचारून वाढलंस काय?"

तुमच्या सरणात माझं एक लाकूड तरी असावं, एवढंच मला हवं होतं. मी सासरहून, चामराजपुरमहून, माझ्या पाटल्या घेऊन गेले. अण्णा उखडला. "तू सुम्ने बैस गं, गप! दिलेल्या लेकीच्या पैशानं बापाचं सरण रचलं म्हणतील लोक." धाकट्यानंही मान डोलावली. तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं.

वकिलानं मला साक्षीला आणून बसवलं, पण विचारलं काहीच नाही. मुन्सिफांनी निकाल दिला: दहन आणि क्रियाकर्म दोन्ही मुलांनी सारखं सोसायचं, पंगतीचा थाट ज्यानं केला त्याचा त्यानं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या कोण?"

"मुलगी, स्वामी," वकील म्हणाला. "लग्न करून दिलेली. तिच्यावर काही जबाबदारी येत नाही."

"मग कशाला बसवून ठेवलंय? जाऊ दे त्यांना."

बाहेर वहिनी म्हणाली, "सुटलात बघा तुम्ही." मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला ठाऊक नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील. पण एक सांगते. मुन्सिफांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांनी माझ्यावरही तिसरा वाटा बसवावा, असं मला फार फार वाटलं होतं. कोर्टाच्या कागदात तुमची मुलं दोनच आहेत.