अडवलेली मेल

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

घरचा मेल सर्व्हर चालला! सकाळी ११:४२ ला पहिली मेल निघाली आणि ११:४२ लाच पोचली. माझी मलाच. मजकूर – "चाचणी १".

जुना डेस्कटॉप, नवीन डिस्क, शेजारी यूपीएस. जागा जिन्याखालची, जिथे आई कांदे ठेवायची. कांदे आता मोरीजवळ. सर्व्हर दिवसरात्र चालू राहणार म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. मी वीज मोजून दाखवली – अडतीस वॅट, एका बल्बाएवढी.

"कांद्यांना तेवढीपण लागत नव्हती गो."

वीजबिल मी भरेन म्हटलं.

हे का केलं ते एकदाच लिहून ठेवते. गेल्या वर्षी बाबांचा मोबाइल नंबर बदलला आणि त्यांच्या फुकटच्या मेल खात्याने त्यांना ओळखच दाखवली नाही. एकोणीस दिवस! आत त्यांचे जहाजाचे सगळे दाखले. तक्रार करावी तर पलीकडे माणूसच नाही. पुण्यातल्या कंपनीचे चारशे सर्व्हर मी इथे रत्नागिरीत बसून सांभाळते. घरच्यांसाठी एक सांभाळता येऊ नये?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोठ्या मेल कंपन्या घरगुती जोडणीवरून आलेली मेल दारातच टाकून देतात. चोर समजतात. त्यावर उपाय दोन – कधी न बदलणारा आयपी पत्ता, आणि त्या पत्त्याची उलट नोंद, म्हणजे आकडा विचारला की आपलं नाव निघालं पाहिजे. दोन्ही इंटरनेटवाल्याच्या हातात. म्हणून मारुती मंदिराजवळ दीपकच्या ऑफिसात गेले.

"मृणाली मॅडम, घरात पोस्ट ऑफिस काढताय काय?"

"हो."

"मग तिकिटं पण छापा!"

स्वतःच हसला. उलट नोंद हे प्रकरण त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या – वर कंपनीला जशाच्या तशा पाठव, एक अक्षर बदलू नकोस. त्याने दोनदा वाचल्या.

"तुम्ही आमच्याकडेच का येत नाही कामाला?"

"मग तू काय करशील?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नोंद झाली. तपासणीच्या साइटवर दहापैकी दहा. खात्री म्हणून परत केली. परत दहा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आईबाबांची मेल इकडे आणली. आईच्या सात. बाबांच्या दोन हजार तीनशे चौदा.

बाबा एकतीस वर्षं जहाजावर होते. खलाशी म्हणून चढले, बोसन म्हणून उतरले – डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. मार्चमध्ये कोल्हापूरला हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून घरी. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी, संध्याकाळी मांडवीला फेरी. बुरोंडी बंदराचा माणूस, समुद्र बघितल्याशिवाय घोट उतरत नाही असं आई म्हणते. डॉक्टरांनी सांगितलंय – जड उचलायचं नाही, शिड्या चढायच्या नाहीत. "आणि परत जहाज?" असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी ठाम नकार दिला. बाबा तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

आज नवा पत्ता मिळाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी कोणाला कळवला? मुंबईच्या भरती ऑफिसला! जहाजांवर माणसं पाठवणारं ऑफिस. आठ मिनिटांत कळवला.

"यातलं तुला सगळं दिसतं काय गो?"

"पाकीट दिसतं. पत्र नाही."

"म्हणजे पोस्टमन."

"हो."

"बरं हाय मग."

स्वतःसाठी नियम: कोणाची मेल उघडायची नाही. लॉग बघायचा, ते कामच आहे. कोणाकडून, कोणाला, किती वाजता, विषय काय. मजकूर – नाही. हा नियम मोडायचा नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुपारी तीन तास वीज नव्हती. यूपीएस दोन तास दहा मिनिटं टिकला. पन्नास मिनिटं आम्ही गायब. तरी एकही मेल हरवली नाही. समोरचा सर्व्हर थांबतो, थोड्या वेळाने परत येऊन बघतो, मग परत. पाच-पाच दिवस प्रयत्न करतो. चाळीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी फार समजून केलेली रचना आहे ही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रोज सकाळी क्वारंटाइन बघते. फिल्टरला जी मेल संशयास्पद वाटते ती तो मेलपेटीत टाकत नाही, इथे अडवून ठेवतो. मी "सोडा" म्हटलं तर पेटीत जाते. सात दिवसांत नाही म्हटलं तर आपोआप नष्ट. सात दिवस मीच ठरवलेत. बहुतेक सगळा कचराच असतो – लॉटऱ्या, औषधं, मेलेल्या राजपुत्रांचे वकील.

आज त्यात बाबांची एक. सकाळी ९:०६. भरती ऑफिसच्या दीपाली म्हणून कोणी बाई. विषय – "बोसन, मुंद्रा बंदर, २४ नोव्हेंबरला रुजू, २० तारखेपर्यंत होकार कळवावा". सोबतचे कागद एका झिप फाइलीत आवळून बांधलेले, म्हणून फिल्टरला शंका आली. फिल्टरची चूक. मेल खरी आहे.

एक बटण. दाबलं नाही.

शांतपणे लिहिते. तब्येत ठीक असल्याचा दाखला देणारे डॉक्टर मुंबईत मिळतात, आणि कुठे मिळतात ते बाबांना माहीत आहे. भर समुद्रात छातीत कळ आली तर किनारा चार दिवस लांब. किंवा नऊ. हे मला आकड्यांत दिसतं, त्यांना दिसत नाही. मी मेल उघडलेली नाही. पुसलेली नाही. नियम मोडलेला नाही. मी काही केलंच नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चहा घेताना बाबा – "पेटी चालू हाय ना गो?"

"चालू आहे."

खोटं नाही. काल त्यांना तीन मेल पोचल्या. एक विमा, दोन जाहिराती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबांचा फोन दर अर्ध्या तासाने पेटी आपोआप तपासतो. ते आकडे वजा केले. उरले ते त्यांनी स्वतः, स्क्रीन बोटाने खाली ओढून तपासल्याचे.

शुक्रवारी १९. शनिवारी ३४. रविवारी ५१.

रविवारच्या ५१ पैकी बावीस घरच्या वायफायवरून, दुपारी दोन ते चार. त्या वेळी ते माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं क्रिकेट बघतायत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

६३.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आई बांगडे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "तुझे बाबा हल्ली फोन खाली ठेवत नाहीत. जहाजाचं काय आलं काय गो?"

"मला काय माहीत?"

हे मात्र खोटं. पहिलंच.

"आलं तर मला आधी सांगायचंस हां. तुझ्या त्या मशीनवर बांगड्याचं पाणी ओतीन मी, मग बघते कुठलं जहाज येतं ते!"

हसले. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती त्यांच्याशी भांडेल, आणि भांडणात बाबा जिंकतात. मोठ्याने न बोलता जिंकतात. गेल्या वेळीही तसंच झालं होतं – आई सलग तीन दिवस बोलत होती आणि चौथ्या दिवशी त्यांची बॅग भरत होती.

आमच्याकडे त्यांना अडवू शकेल असं फक्त जिन्याखाली आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज शेवटची तारीख.

सकाळी मी सर्व्हर अपडेट करत होते. बाबा पायऱ्यांवर येऊन बसले. मांडवीला जायच्या चपला घातलेल्या. बराच वेळ दिव्यांची उघडझाप बघत होते.

"यात कधी काय अडकतं काय गो?"

"कधी कधी."

"मग तुला कळतं?"

"कळतं."

"हां."

गुडघ्यावर फोन होता. मी स्क्रीनकडेच बघत राहिले. अपडेट ७१ टक्के, ७२ टक्के. मग ते उठले.

"येतो जाऊन."

"हळू जा. चढावर थांबत थांबत या."

"व्हय बाय."

माझी खात्री आहे. बोटाखाली बटण होतं, वेळही होता, आणि मी विचार करून दाबलं नाही. घाबरून नाही, विसरून नाही. ते रागावतील, महिनाभर बोलणार नाहीत – चालेल. परत असं पत्र आलं तर परत हेच करेन. संध्याकाळी सहाला भरती ऑफिस बंद झालं असेल. मी घड्याळ बघितलं आणि आत जाऊन भात लावला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

९:०६ ला मेल आपोआप नष्ट झाली. लॉगमध्ये एक ओळ.

बाबांच्या तपासण्या – शून्य. दिवसभरात एकही नाही. समजले असावेत की गेलं ते जहाज. रात्री जेवले नीट. दोन भाकऱ्या, कढी, वर भात. आईला म्हणाले, कढी फक्कड झालीय. मनासारखं झालं सगळं. सर्व्हर आज एकोणीस दिवसांचा झाला आणि एकही मेल हरवलेली नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. आवाज नेहमीचाच.

"दीपालीबाईंचा चौदा तारखेलाच फोन आलेला गो. मेल टाकलीय म्हणाली. तिला तेव्हाच सांगून टाकलं – नाय जमणार आता, छातीचं काम झालंय. जहाजाचा विषय तिथंच संपला." खिशातून फोन काढला. "पेटी बघत होतो ती, तू पत्र देतेस काय ते बघायला."

उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन पुढे केला – जुना पत्ता परत घालून दे म्हणाले. घालून दिला. चार मिनिटं लागली.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मला दिसणार नाही असा धरला.