तीन नंबरचा बावटा

बाबा, तुमच्यामुळे आज मी घरी आलेल्या पाहुण्यांशी भांडलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात माझी भांडणं तुमच्याच खात्यावर होतात, याचं तुम्हाला काही वाटत असेल असं वाटत नाही. तुम्ही हयात असतानाही वाटलं नव्हतं.

नव्या जेटीला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. समितीचे अध्यक्ष स्वतः आले होते. तारकर्लीला त्यांच्या पर्यटकांच्या खोल्या आहेत, बंदरात सहा-सात होड्या आहेत, आणि वडील कोण, तर तुमची बदली करवणारे तेच होडीवाले. अध्यक्ष मात्र गोड. ओसरीवर बसल्याबसल्या तुम्हाला ‘सागरपुत्र’ म्हणाले, मग ‘कर्तव्यकठोर’, मग ‘दर्यावर्दी ऋषी’. आयुष्यभर संस्कृत शिकवल्यामुळे विशेषणं कुठे स्वस्त झाली आहेत ते मला चटकन कळतं. तुमचा गणवेशातला फोटो हवा होता, आणि कोनशिलेसाठी माझ्याकडून एक श्लोक. “सर, दोनच ओळी टाका संस्कृतात. भारी वाटता.” तुमची सून आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता माझ्या कानाशी पुटपुटली, “ह्यांच्याच बापाशीन घालवल्यान मामंजींका, आणि आता हेच नाव देतत!” पाहुण्यांनी ऐकलं असावं. लाडू मात्र दोन घेतले.

तो दिवस मला लख्ख दिसतो. मी कॉलेजातून सुट्टीला आलोय. तुम्ही नौदलातून निवृत्त होऊन बंदराचे साहेब झालात त्याला फार वर्षं झालेली नाहीत, आणि घर अजून जहाजासारखंच चालवताय. स्वयंपाकघरातल्या फळ्यांना तुम्ही पुढून लाकडी कठडा मारून घेतलाय, भांडी घरंगळू नयेत म्हणून. घर डुलत नाही हो, असं सांगून आई थकलीय. त्या दिवशी आचऱ्याच्या पलीकडच्या एका गावाची जत्रा आहे, माणसं नटूनथटून धक्क्यावर, होड्या तयार, आणि बंदरावरच्या खांबावर तुम्ही चढवलेला तीन नंबरचा बावटा. म्हणजे वाऱ्याचा इशारा, म्हणजे एकही होडी सुटायची नाही. आभाळ निळंभोर. समुद्र पातेल्यात निवत ठेवलेल्या दुधासारखा.

मग होडीवाल्यांनी आपल्याकडे करतात तेच केलं. देवळात जाऊन कौल लावला. पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि प्रसाद घेऊन सगळा जथा तुमच्या कचेरीत. मी दारात उभा होतो, म्हणून हे ऐकीव नाही. “साहेब, उजवो कौल झालो. आता बावटो खाली घेवा.” तुम्ही उठलात, बूट काढलेत, प्रसाद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलात. सगळ्यांना वाटलं, जमलं. मग बूट चढवत म्हणालात, “देवाक विचारूचा लागता. हवामान खाता आपणहून सांगता. बावटो वरच रवतलो.”

आणि वादळ आलंच नाही. झाडाचं पान हललं नाही. संध्याकाळी सबंध बाजार हसत होता. ‘साहेबाचा वादळ चाय पिऊक बसला’ म्हणत होता. आई मान खाली घालून मासे साफ करत होती, आणि मी तुम्हाला जरा खोचूनच म्हणालो, “बाबा, आलं नाही ना वादळ?” तुम्ही वर्तमानपत्रातून डोकंही वर केलं नाही. “नाय इला ता बरा झाला. तुका काय येवचा होया होता?” मी आईशेजारी बसून मासे साफ करू लागलो, आणि हजरजबाबी म्हणून आज माझी शाळेत थोडी ख्याती आहे.

पुढे अर्ज गेले, वरून फोन आले, आणि तुम्हाला घाटावरच्या एका कचेरीत बसवलं. संस्कृतात समुद्राला ढीगभर शब्द आहेत. तुमच्या खिडकीतून त्यातल्या एकाचाही अर्थ दिसत नव्हता. निवृत्तीपर्यंत तिथे बसलात आणि एका शब्दाने तक्रार केली नाहीत. याचा मला आजही राग येतो. भांडायला हवं होतंत. तुमचं राहिलेलं भांडण मला वारशात आलंय, आणि तेही या उकाड्यात भांडायचं.

कारण तो बावट्याचा खांब समितीने कापलाय, बाबा. जेटीवर फोटो काढताना मध्ये यायचा म्हणून. गेल्या आठवड्यात इशारा असताना पर्यटकांनी भरलेली होडी सुटताना मी स्वतः पाहिली. लाइफ जॅकेटं होती, नाही असं नाही. बसायला घेतली होती. फळी बोचते ना. हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. म्हटलं, आधी खांब उभा करा, त्यावर बावटा लागला की तुमच्याही होड्या सुटायच्या नाहीत असं जाहीर करा. मग नाव द्या, श्लोक काय, स्तोत्र लिहून देतो. ते हसले. “सर, खांब कित्याक? आता सगळा मोबाईलवर कळता.” मी म्हटलं, कळतं तर मग सोडता कशाला? तेव्हा प्रथमच त्यांचा गोडवा उतरला. “शीझन चार म्हयन्याचो, सर. तुमचो पगार म्हयन्याच्या म्हयन्याक येता.” यात खोटं काही नाही, हे मला लगेच कळलं, आणि त्यामुळे आवाज आणखीच चढला. ज्या धक्क्यावर त्यांची अडवणूक करायचा हक्क तुम्हाला नाही, तिथे तुमचं नाव लावणं म्हणजे तुमची दुसरी बदली, असं काहीसं मी म्हणालो. फोटो मिळणार नाही, श्लोक मिळणार नाही. त्यांनी नमस्कार केला. नावाला माणसांची कमी नाही, दुसरं बघू, म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

तुमची सून म्हणाली, “बरा केलास.” मी मान हलवली. पण थोड्या वेळाने फाटकाची कडी पुन्हा वाजली, अध्यक्ष एकटेच परत येताना दिसले, आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मनात म्हटलं, मानलं यांनी. आता खांब लागेल आणि तुमचं नावही. ते गाडीची चावी विसरले होते. कपाशेजारून उचलली, “येतंय, सर,” म्हणाले आणि गेले. मी कशासाठी उठलो होतो हे घरात कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला पाठवायची सोय नाही, म्हणून तेवढं लिहून ठेवतो.