रांगेतली नाव

बुधवार, दिवस मावळताना

कारखान्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग होती. पलीकडच्या ओळीतल्या बाळूनं हातात मावणारं गेमचं मशीन दिलं. कुणी एकट्यानंच घरी बसून बनवलेला गेम, म्हणे. काळ्या पाण्यावर एक नाव, बस. जिंकायचं काहीच न्हाई. वल्हवत राहिलो. कुठं गेलतो कोण जाणे. मागून हॉर्न वाजले तवर माझा नंबर हुकला.

"झोपला का बे?" बाळू ओरडला.

पुन्हा शेवटी जाऊन लागलो, तर रागच येईना. ती नाव डोळ्यांपुढं. घ्यावं का असलं? लई महाग न्हाई.

बायकोला फोनवर विचारलं. "मोबाईलात गेम न्हाईत का? मग हे कशापायी?"

म्हणलं, "मोबाईलवर मुकादमाचा फोन येतो. नावेत कुणाचाच येत न्हाई."

ती हळूच म्हणली, "मला बी देताल का थोडा वेळ?"