पहिल्या दिवसापासूनचा टेप

दि. ९ ऑक्टोबर

चिरंजीव धाकट्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. आधीच्या तीन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे पत्ता तरी बरोबर आहे. चुकीचा असता तर पत्रं परत आली असती.

ऑपरेशन झालं. बिलाचं सोड, खरी किंमत सांगतो: मूत्रनळीची चार बोटं लांबी, मूत्राशयाचा एक पट्टा, अठरा दिवस खाटेवर आणि अकरा किलो वजन. उजवं मूत्रपिंड आधीच निकामी, म्हणून डावं वाचवणं भाग होतं, आणि कॅन्सर नेमका त्याच्याच नळीत.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. खराब नळी कापायची, मूत्राशयाचा पट्टा उचलायचा, गुंडाळून त्याची नळी शिवायची आणि वरच्या तुकड्याला जोडायची.

मी म्हटलं, "साहेब, पट्टा बुडाशी रुंद ठेवा. आणि ताणून जोडू नका, उसवेल."

ते हसले. "मास्तर, हेच शिकायला आम्हाला पाच वर्षं लागतात."

"आम्हाला पाच दिवसांत शिकवलं, कानाखाली वाजवून."

मग जरा फुशारकीही मारली. म्हटलं, दुकान उघडलं त्या दिवशीचा टेप अजून वापरतो, चाळीस वर्षांत एक माप चुकलं नाही. तुझी वहिनी शेजारीच होती. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

शिवण छान बसली. आत घातलेली तात्पुरती नळी काढली, लघवी मोकळी झाली, सगळे खूश. पण माझे कान तुला माहीत आहेत. मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झालेली ओळखणारा मी. पडद्यापलीकडे छोटे डॉक्टर हळूच म्हणाले, "कापलेल्या कडेलाच कॅन्सर आहे." कड म्हणजे काय, ते शिंप्याला कुणी समजावायला नको. गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं: आता यकृतातही आहे, कापण्यासारखं काही उरलं नाही.

मी विचारलं, "थंडीचे कोट शिवून होतील का?"

"नवीन ऑर्डर घेऊ नका, मास्तर."

वहिनी आत्ता मागून म्हणते, "आजाराचं पुराण पुरे. ते लिहा." तीन पत्रांत ते जमलं नाही. तू ये, असं म्हणायला तोंड नाही. आलास तर मी असेनच असंही नाही.

त्या वकिलाचा कोट आठवतो? बाह्या आखूड निघाल्या. गिऱ्हाइकासमोर मी तुझ्या कानाखाली मारली, "हाताला वळण नाही आणि म्हणे कोट कापतो!" म्हणालो. तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि गेलास. त्याला सोळा वर्षं झाली.

माप मी टेपने घेतलं होतं. कापलंस तू लोखंडी पट्टीने. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात कुणी यायच्या आत, मी टेप पट्टीला लावून पाहिला. तू बरोबर कापलं होतंस.

तुझ्या कात्रीला धार लावून ठेवली आहे. ती कुणाला द्यायची नाही, असं वहिनीला सांगून ठेवलंय.

तुझ्या वाटेकडे बघायचा हक्क नसलेला,
दादा

ता.क. साठ इंचांत टेप दोन इंच ताणला गेला होता. त्याच दिवशी जाळला.